नाटकातला बाप

बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात लेक रोज संध्याकाळी वही घेऊन बसायची आणि परीक्षेसाठी म्हणून एका जुन्या नाटकातल्या बापाबद्दल त्यांना खोदून खोदून विचारायची.

"बाबा, हा माणूस लेकीच्या पसंतीच्या मुलाला न भेटताच नकार देतो. याचं काय चुकलं?"

बाबांनी मशीन थांबवलं. "अगं, माप न घेता कोणी कापड कापतं का? आधी घरी बोलवावं, चार गोष्टी बोलाव्यात, मग काय ते ठरवावं!"

लेकीने वही मिटली. "मग... मी निवडलेल्या मुलाला रविवारी घरी बोलावू?"

 

"बोलाव की!" सुईत दोरा ओवता ओवता बाबा हसले. "परीक्षा संपून महिना झाला, तरी तू मुद्द्याचं विचारायचं नावच घेईनास!"