निळा ठिपका

"पुन्हा थांबला!" तातेरावांनी मोबाइल सोफ्यावर आपटला. "ही काय बसायची वेळ आहे?"

सुनेनं, माधवीनं, मोबाइल उचलून पाहिला. नकाशावर सायकलला लावलेल्या ट्रॅकरचा निळा ठिपका सदाशिवपेटच्या अलीकडे गपगार उभा होता. चारशे किलोमीटरची सायकल-फेरी होती. काल दुपारी सिकंदराबादहून सुटून हुमनाबादच्या पुढं जायचं आणि आज संध्याकाळी सहाच्या आत परत सिकंदराबाद गाठायचं. ठिपका वेळेत पोचला तर पदक, नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि सायकलही हातची जाणार. मागच्या खेपेला याच टापूत दम संपला होता, सायकल टेम्पोत घालून आणावी लागली होती. "झाली हौस? आता पुढच्या खेपेला जमलं नाही तर विकून टाकायची," असं तातेरावांनीच बजावलं होतं. बोलून बसले होते आणि आता पस्तावत होते.

"फोन लावू का बाबा?"

"मी लावला की! बंद आहे."

"मुद्दाम बंद ठेवलाय त्यांनी. तुमचा आवाज ऐकला की चाल बिघडते म्हणे."

"माझ्यामुळं? जन्मभर मालगाडी हाकली मी! सपाटीवर वेग धरायचा, तो चढाला कामी येतो. एवढं साधं कळू नये?"

माधवी हसू दाबत आत चहा टाकायला गेली.

सायकल मुलानं, संदेशनं आणली होती, मोठ्या हौसेनं. वर्षभर तिच्यावर टॉवेल वाळले. मग एका पहाटे ती जागेवर नव्हती, आणि तेव्हापासून घरात हे वेड शिरलं. नारायणगुड्याच्या गल्लीत लोक तातेरावांना अडवून विचारायचे, "क्या तातेरावसाब, घर में ये क्या चल रा?" त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे वय आहे का असले नाद करायचं, यावरून कडाक्याची भांडणं झाली. काल निघायच्या वेळी तर ते दारापर्यंतसुद्धा गेले नव्हते.

"खायला थांबले असतील तिथं सगळे," चहा ठेवत माधवी म्हणाली. "त्यांचं ठरलेलं असतं बाबा. भूक लागायच्या आधी खायचं, दमायच्या आधी बसायचं. शेवटचे शंभर किलोमीटर पायांनी नाही, डोक्यानं काढायचे असतात."

"डोकं असतं तर घरी नसतं का बसलं!"

पण चहा तसाच निवला. सकाळी भरधाव पुढं पळालेले दोन ठिपके आता लाल झाले होते. लाल म्हणजे सोडून दिलं. निळा मात्र हलला. आपल्या बेतानं, ना कमी ना जास्त, त्या दोघांना मागं टाकून संगारेड्डीकडं निघाला.

"असं! आता मारू नको घाई," तातेराव पडद्याला म्हणाले. राग कधीच उतरला होता. उरली होती ती निव्वळ काळजी, पण त्यांना ती ओरडूनच दाखवता यायची.

पटानचेरू गेलं. बेगमपेटला ट्रॅफिकमध्ये ठिपका असा अडकला की तातेराव उठून उभे राहिले. सहा वाजत आले होते.

"फूटपाथवरून काढ ना! अरे देवा, हे सिग्नलवाले!"

"बाबा, बसा. बीपी वाढेल."

"वाढू दे! एवढं चारशे तुडवून इथं दोन मिनिटांनी हुकलं, तर मी ती सायकल विकणार नाही, सांगून ठेवतो. कोण विकतो ते बघतोच!"

तेवढ्यात नेट गेलं. नकाशा गोल गोल फिरायला लागला. तातेरावांनी कपाळाला हात लावला, घड्याळ पाहिलं, चपला शोधायला लागले.

माधवीचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. पलीकडं टाळ्यांचा कडकडाट चालला होता आणि संदेश जीव तोडून ओरडत होता.

"बाबा! आई पोचली! वेळेत पोचली! अजून पाणीसुद्धा घेईना, आधी विचारतेय, तुझा बाप अजून चिडलाय का?"