प्याल्याची कड

चर्चमध्ये प्रभुभोजनाला नेहमी सगळ्यांच्या आधी गुडघे टेकण्यात दीनाबाईंचा फायदा एकच: ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून सगळी मंडळी ज्या एका प्याल्यातून द्राक्षरस पिई, त्याच्या कडेला अजून कुणाचं तोंड लागलेलं नसे. आज मात्र त्यांच्या आधी शमुवेल जाऊन बसला होता. दारूपायी बायकोला घराबाहेर काढणारा, किडक्या दातांचा, नुकताच मंडळीत परत घेतलेला शमुवेल.

तो प्यायला. पाळकसाहेबांनी कड पुसून प्याला बाईंपुढे धरला. बाईंनी तोंड जरा मागे घेतलं. पण नाकारावा, तर मंडळी म्हणणार, हिच्याच मनात काहीतरी पाप आहे. इतक्या वर्षांच्या सेवेवर पाणी! बाईंनी घोट घेतला, गालात धरला आणि चर्चमागे जाऊन थुंकला.

वळून पाहतात तर शमुवेल उभा.

"काय रे, तारण झालं, पापं धुतली गेली म्हणून सांगत फिरतोस. उद्या पुन्हा ढोसलीस तर?"

"मी ख्रिस्ताला धरलं असतं, तर माझा हात केव्हाच सुटला असता, बाई. त्यानं मला धरलंय."

"तुझ्यासारख्याला? शी!"

"माझ्या तोंडाची किळस आली ना तुम्हाला? मलाही येते. त्याला नाही आली."

बाई पदरानं ओठ पुसत राहिल्या. आपल्या पापांची किंमत शमुवेलनं भरली नव्हती, बाईंनीही नाही. दोघांची ज्यानं क्रुसावर भरली, त्याच्या रक्ताची ती खूण, बाईंनी थुंकलेला तो घोट, मात्र धुळीत मुरत होती.