त्याच्या नावाचं प्रकरण

दारातल्या शिपायानं सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले आणि बाहेरून कडी लावली. खोलीत तेरा टेबलं होती, तेरा घरांची माणसं होती, आणि प्रत्येक टेबलावर चौकशी आयोगाच्या अहवालाची एकेक जाडजूड प्रत. बारा वाजता मंत्री तो सभागृहात मांडणार होते. त्याआधी दोन तास घरच्यांना वाचू द्यावा, एवढी माणुसकी सरकारला एकतीस वर्षांनी सुचली होती.

ताईंनी चष्मा पुसला. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. इतरांसारखी धडाधड पानं उलटणं त्यांना जमेना. त्यांनी अनुक्रमणिका काढली. पुलावर मारल्या गेलेल्या प्रत्येकाचं वेगळं प्रकरण होतं. ताईंच्या धाकट्या भावाचं नववं.

मोर्चा पुलावर आला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा धाकटा बावीसचा होता. दुसऱ्या दिवशी सरकारनं जाहीर केलं की त्याच्या पिशवीत बॉम्ब होता. आठवड्याच्या आत कुणीतरी ताईंच्या घराच्या दारावर डांबरानं ‘बॉम्बवाले’ असं लिहून गेलं. दार घासून घासून ताईंच्या बोटांची सालं निघाली, अक्षरं काही गेली नाहीत.

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, ते वाक्य प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर होतं. ‘मृताजवळ कोणतेही शस्त्र अथवा स्फोटक नव्हते. त्याला पाठीमागून गोळी लागली. ती झाडण्यास कोणतेही कारण नव्हते.’

ताईंनी बोट ठेवून ते तीनदा वाचलं. पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा गवंडी ओंजळीत तोंड धरून रडत होता. “निघाला, ताई, माझा भाऊ निर्दोष निघाला!” तो म्हणाला. “तुमचा?”

“निघाला,” ताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

मग त्यांनी पान उलटलं.

‘गोळी लागल्यानंतर तो सुमारे पन्नास मिनिटे जिवंत व शुद्धीवर होता. रुग्णवाहिका पुलाच्या टोकाशी अडवून ठेवण्यात आली. बंदोबस्तावरील साक्षीदार ‘क’ याच्या जबाबानुसार, तो शेवटपर्यंत आईला हाका मारीत होता.’ खाली बारीक टाइपात टीप होती. साक्षी अभयाच्या अटीवर घेतल्या आहेत. साक्षीदार ‘क’ किंवा त्याचे वरिष्ठ यांच्यावर खटला चालणार नाही.

घरात एकतीस वर्षं एकच बोललं जायचं, की तो लगेच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. आईच ते म्हणायची, येईल त्याला सांगायची. तिचा सगळा जीव त्या एका वाक्यावर तगून होता.

बारा वाजले. कडी निघाली. प्रत छातीशी धरून ताई जिना उतरल्या.

आई खालच्या दालनात खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. तिची नजर गेल्या वर्षी पार गेली होती, कान मात्र अजून तिखट. भिंतीवरच्या कर्ण्यातून मंत्र्यांचं भाषण चाललं होतं.

“माफी मागतोय गं,” आई म्हणाली. “आवाजावरून तर पोरगेलाच वाटतो. हा तेव्हा शाळेत असेल. आलीस? काय लिहिलंय आपल्या पोराचं?”

“काही नव्हतं त्याच्याजवळ. स्वच्छ लिहिलंय, आई.”

“सांगू नकोस. वाचून दाखव.”

ताई शेजारी बसल्या. धाकट्याचं नाव वाचलं, वय वाचलं, शर्टाचा रंग वाचला. ते वाक्य आलं तेव्हा आईनं त्यांचा हात घट्ट धरला आणि पुन्हा वाचायला लावलं. ताईंनी पुन्हा वाचलं. मग त्यांनी पुढची दोन पानं एकदम उलटली आणि पंचनाम्यातल्या त्रुटींवरचा परिच्छेद वाचायला घेतला.

“दोन पानं उलटलीस,” आई म्हणाली.

“चिकटली होती गं.”

“ताई.”

वर मंत्र्यांचं भाषण संपलं असावं, टाळ्या वाजत होत्या.

“रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आला होता आपल्याकडे,” आई म्हणाली. “आठ-दहा दिवसांनी. तू बाजारात गेली होतीस. उंबऱ्यावरच बसला, आत येईना. सगळं सांगून गेला बिचारा. पोरगा किती वेळ होता, कसा होता.”

“आणि इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलली नाहीस?”

“तू नुकती कुठे दोन घास खायला लागली होतीस.”

ताईंना पुढची अक्षरं दिसेनात. आईनं चाचपत त्यांच्या मांडीवरच्या प्रतीवर हात ठेवला.

“पण तो ड्रायव्हर लांब होता. पुलाच्या पार टोकाला. पोरगा ओरडत होता एवढंच त्याला कळलं. काय ओरडत होता, ते काही ऐकू आलं नाही म्हणाला.” तिनं हात उचलून घेतला. “त्यात लिहिलं असेल. वाच.”