निम्मा वेग

समुद्राने गिळलेल्या भावासाठी मी निरोपाचं गाणं रचलं. फिल्मच्या वर्गातला मित्र विल्मार स्पर्धेसाठी त्याचा व्हिडिओ करत होता. तुमाको बंदराच्या धक्क्यावर त्याने गाणं दुप्पट वेगाने वाजवून मला त्याच वेगात गायला, भावाची टोपी हलवायला लावलं. कोळी खो-खो हसले. विल्मार म्हणाला, "हसू दे गं त्यांना! एडिटिंगमध्ये वेग निम्मा केला की टोपी लाटेवर तरंगल्यासारखी हलेल. शपथ तुझ्या भावाची!" मी विश्वास ठेवला. काल कॉलेजच्या अंगणात स्पर्धेसाठी पडदा लागला. पडद्यावर मी कोंबडीसारखी फडफडत टोपीने माशा हाकलत होते. मेल्याने वेग निम्मा केलाच नव्हता! अंगण हसून गडबडा लोळलं. बक्षीस घेऊन तो माझ्याकडेच आला. "बघ, एकतरी पेंगला का?" शेजारी बसलेल्या आईने माझ्या हातातली टोपी काढून घेतली. "पोरी, भावाला निरोप द्यायची एवढी घाई होती तुला?"