करडा की लाल

"हा एकटीला उडवता येतो ना?" सुताराने तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानवालीने करडा पतंग टेबलावर पसरला. "येतो हो, भाऊजी. एका टोकावर वाळू टाकायची, लांब जाऊन दोराच्या टोकाचा दांडा ओढायचा. आपोआप उभा राहतो. पाण्यात पडला तरी स्वतःहून उठतो. तुमच्यापेक्षा शहाणा आहे."

भिंगरी हसली. सुतार हसला नाही.

भिंगरी त्याची मुलगी. लहानपणी अंगणात गिरक्या घ्यायची म्हणून आईने ठेवलेलं नाव. आता ती त्याच गिरक्या समुद्रावर, हवेत घ्यायची. पायाखाली फळी, डोक्यावर पतंग, मध्ये लांबलचक दोर. तिचा जुना पतंग फाटला होता आणि स्पर्धा तोंडावर आली होती. "तुम्ही आल्याशिवाय नवा घेणार नाही," असं म्हणून तिने बापाला कित्येक महिन्यांनी घराबाहेर काढलं होतं. तो बूट घालून आला होता. वाळूत उतरायचं नाही, हे ठरवूनच.

बायको होती तेव्हा तो रोज किनाऱ्यावर असायचा. ती दोर ताणून पाण्याकडे उभी राहायची, हा पतंग धरून वाळूत. तिने अंगठा वर केला की सोडायचा. त्याला पोहताही यायचं नाही. "समुद्र हे माझं सासर," असं तो सांगायचा, "बायकोमुळे जावं लागतं." ती गेली आणि जाणं संपलं. आता तो कामाच्या खोलीत रंधा घेऊन बसायचा आणि दार आतून लावून घ्यायचा. पोरीला पतंग धरायला कुणाकुणाची मनधरणी करावी लागते, एवढंच त्याला खात होतं. एकटीला उडवता येणारा पतंग मिळाला की तो सुटला. मग दार उघडायचं कारणच उरणार नव्हतं.

"आणि तो?" भिंगरीने भिंतीवरच्या लाल पतंगाकडे बोट केलं.

"तो हट्टी आहे. धरायला माणूस लागतो. पाण्यात पडला की उठवताना नाकी नऊ येतात. पण ओढतो मनापासून, आणि ओढून झालं की सोडतो."

सोडतो म्हणजे काय, हे सुताराला बायकोने शिकवलं होतं. उडी घ्यायच्या आधी दांडा कमरपट्ट्याच्या आकड्यातून काढायचा. मग आधार फक्त हातांचा. हवेत गिरकी घेताना दांडा पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा. तेवढ्यापुरते दोर सैल पडले पाहिजेत. पतंग ओढतच राहिला, तर दांडा हातातून जातो, नाहीतर खांदा तरी.

"दोन्ही पाण्यात बघते," भिंगरी म्हणाली.

करडा तिने एकटीनेच उभा केला. सुतार दुकानासमोरच्या कट्ट्यावर खिशात हात घालून बघत राहिला. ती वेगात आली, फळी पाण्यात दाबली आणि वर गेली. गिरकी, दांडा पाठीमागून या हातातून त्या हातात, आणि पाण्यावर अलगद. पुन्हा तेच, पुन्हा तसंच. पक्का सांधा बसावा तसं.

"झालं तर," सुतार शेजारी उभ्या दुकानवालीला म्हणाला. "हाच घ्या बांधायला."

"लाल राहिलाय अजून. धरा जरा, भाऊजी. माझी कंबर आज संपावर आहे."

नाइलाजाने तो वाळूत उतरला. पतंगाची फुगवलेली कड दोन्ही हातांत घेतली. कापड थरथरलं, ओढ दंडापर्यंत आली. लांबवर भिंगरीने अंगठा वर केला. त्याने नुसते हात उघडले. पतंग वर फेकायचा नसतो, हात उघडायचे, बाकीचं वारा बघतो.

लालने पहिल्याच उडीत तिला आपटलं. पतंग पाण्यात चिकटून बसला. ती दोर ओढत, झगडत राहिली आणि शेवटी त्याला उठवलंच. पुन्हा उडाली, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा ती इतकी वर गेली की सुतार पुढे धावला. दोर सैल पडले. क्षणभर तिला कशाचाच आधार नव्हता, आणि त्या क्षणात ती दोनदा फिरली, दांडा पकडला, आणि उभीच्या उभी उतरली.

"वा," सुतार म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने काही बघून असं म्हटलं होतं.

"हे तिच्या आईलाही जमलं नव्हतं," मागून दुकानवालीचा आवाज आला. तो बराच लांबून आल्यासारखा वाटला.

भिंगरी धापा टाकत परत आली. "लाल."

"दोनदा आपटलीस," सुतार म्हणाला. "करड्याने एकदाही नाही."

"खरं सांगू?" दुकानवाली जवळ येत म्हणाली. "स्पर्धेला करडाही चालेल."

"ऐकलंस? आणि तो एकटीला उडवता येतो."

"म्हणूनच नको."

सुताराने लाल पतंगाकडे बघितलं. मग म्हणाला, "याला रोज कुणीतरी धरायला लागेल."

"लागेल."

"किनाऱ्यावर पोरं असतात की."

"ती फेकतात, बाबा." भिंगरी वाकून दोर गुंडाळू लागली. तिने वर बघितलं नाही. "उद्या वारा सकाळीच आहे. चपला घालून या. बूट भिजलेत तुमचे."

सुताराने खाली बघितलं. तो गुडघाभर पाण्यात उभा होता.