लगेच गेला

हौसाकाकीने दार उघडलं, साईराजच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वास घेतला. मग बाजूला होत म्हणाली, “ये आत.”

साईराज पडवीत बसला. भिंतीवर शिवाचा वर्दीतला फोटो होता. त्याच्याकडे पाठ येईल अशी जागा त्याने धरली.

शिवा हौसाकाकीचा एकुलता एक मुलगा. साईराज कासू गावचा, शिवा इथला, खांबचा. काश्मिरात दोघे एकाच तुकडीत आले आणि एका ताटात जेवू लागले. शिवाची शवपेटी घेऊन याच अंगणात साईराज आला होता. तेव्हा काकीने एकच विचारलं होतं, “लय तरास झाला का रे त्याला?”

“नाय काकी,” साईराज म्हणाला होता. “लगेच गेला.”

शिवा लगेच गेला नव्हता. सुरुंग फुटला तेव्हा ते दोघेच पुढे होते. शिवाचे पाय गेले होते, पण शुद्ध होती, आणि तो जिवाच्या आकांताने आईला हाका मारत होता. आवाजाच्या रोखाने वरून गोळ्या येत होत्या. साईराजने त्याला दगडाआड ओढलं आणि त्याचं तोंड दाबून धरलं. हाका थांबल्या. गोळ्याही थांबल्या. हात काढला तेव्हा शिवा मेलेला होता. जखमांनी मेला की आपल्या हाताने, ते साईराजला कधीच कळलं नाही.

पुढे निवृत्त होऊन तो डोलवीला कंपनीत सिक्युरिटीत लागला. एकदा गेटवर ट्रकचा टायर फुटला. साईराज त्याच ट्रकखाली शिरला आणि काही केल्या बाहेर येईना. लोक हसले. लष्करी कॅन्टीनची रम तो आधी झोप यावी म्हणून घ्यायचा. आता सकाळी उठायलाही लागू लागली. नोकरी गेली. अनिताने, त्याच्या बायकोने, त्याला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दोन्ही वेळा दारू सुटली. घरी आला की कानात शिवाच्या हाका सुरू व्हायच्या, आणि हाका सुरू झाल्या की बाटली. केंद्रात कुणी युद्धाचं विचारलं नाही. मनाच्या डॉक्टरकडे नेलं, तर ते म्हणाले, आधी दारू सोडून या, मग बघू.

पेणच्या दिपिका डॉक्टरांनी पहिल्यांदा निराळं विचारलं. “किती पिता ते राहू दे. न प्यायल्यावर काय होतं?”

त्याने सांगितलं.

“मग दोन्हीला एकदमच हात घालू,” त्या म्हणाल्या. “एक ठेवून दुसरं जाणार नाही.”

त्यांनी गोळ्या दिल्या, आणि दर आठवड्याला तीच हकीकत पहिल्यापासून सांगायला लावली. साईराज दगडापर्यंत यायचा आणि थांबायचा. हातापर्यंत पोचायला अख्खा पावसाळा गेला. पोचला त्या दिवशी बेसिनमध्ये ओकला, पण प्यायला नाही. मग त्या म्हणाल्या, “जिथं जायचं टाळता, तिथं एकदा जाऊन या. नुसतं बसा. काही सांगायलाच पाहिजे असं नाही.”

म्हणून तो आला होता. बसायचं, पाणी प्यायचं, निघायचं.

काकीने तांब्या पुढे ठेवला. स्वतः सुपात भिजवलेले वाल घेऊन सोलायला बसली.

“कवापासून नाय पीत?”

“गणपतीपासून.”

“मंग शुद्धीत हायेस. आता सांग.”

“काय?”

“शिवा कसा गेला ते.”

“सांगितलेलं ना तवा. लगेच…”

“खोटं.” तिचा आवाज चढला नव्हता. बोटं सोलतच होती. “नागोठण्याच्या स्टँडवर तुला पडलेला बघितला मी. अंगावर माश्या बसलेल्या. सगळी म्हनली, पेन्शनचा माज. मी घरी येऊन रडले. लगेच गेला असता माझा शिवा, तर तू येवढा प्यायला नसतास.”

साईराजला पळायचं होतं. तो उठला, परत बसला. मग डॉक्टरांसमोर सांगायचा तसं त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दगडापर्यंत आला. हातापर्यंत आला. आणि पुढचंही सांगितलं.

काकी उठली. सूप लवंडलं, तिने भरलं नाही. आत गेली. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला.

साईराज तसाच बसून राहिला. घसा सुकला होता. समोरचं पाणी त्याला नको होतं. हायवेवरच्या बारची पाटी पडवीतून दिसत होती. इथून तिथवर जायला किती वेळ लागेल एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शेवटी तो उठला आणि चपला घातल्या.

काकी दारात आली. डोळे सुजले होते. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. जवळही घेतलं नाही.

“पुढच्या ऐतवारी ये,” ती म्हणाली. “परत सांग.”

“काकी, मीच मारलं असंल त्याला.”

“असंल. तुला ठाव नाय, मलाबी नाय.” ती चौकटीला धरून उभी होती. “पन माझ्या नावानं मारलेल्या त्याच्या हाका तुझ्याबिगर कोनीच ऐकल्या नायत. पिऊन पिऊन त्या इसरलास, तर मी कोनाला इचारू?”