अध्यक्षांचं मत

तिसरा वक्ता बोलायला उठला आणि अध्यक्षांच्या खुर्चीत गोकुळदासांना घाम फुटला.

डिचोलीच्या साहित्य संमेलनात उद्घाटक म्हणाले होते, आजचं मराठी साहित्य म्हणजे सुवर्णकाळ. टाळ्या पडल्या. स्वागताध्यक्ष म्हणाले, आजच्या लेखकाचा मातीशी संबंध तुटला. त्यालाही टाळ्या. आता प्रमुख पाहुणे विचारत होते, माती खाणीतून निघाली, बार्जेत भरून मुरगाव बंदरात गेली, लेखकाने संबंध ठेवायचा कुणाशी?

तिन्ही भाषणं गोकुळदासांनीच लिहून दिली होती. जत्रेचं नाटक, मंगलाष्टकं, आरती, मानपत्र, शोकसभेचा ठराव. नार्वे गावच्या या लेखकाने चाळीस वर्षांत कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ज्याच्या तोंडी जे शोभेल ते द्यायचं, ही त्यांची लिहिण्याची रीत. आज पहिल्यांदाच त्यांना अध्यक्ष केलं होतं आणि स्वतःचं मत सांगायचं होतं. चौथं भाषण तयार होतं. पण ऐकता ऐकता त्यांचा पार गोंधळ उडाला. तिन्ही मतं पटत होती, आपलंच तेवढं परक्याचं वाटत होतं.

वाचनालयाच्या जुन्या ग्रंथपाल विनोदिनीबाई शेजारीच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तिनय भाषणां तुमच्याच हातचीं मरे, गोकुळदासबाब. आता तुमका काय वाटता, तां सांगा. हल्ली नवीन कोणाचां वाचलात?"

"हल्ली..." गोकुळदास आठवू लागले. काही केल्या आठवेना. लिहिण्याच्या धबडग्यात वाचायला सवड कुणाला होती?

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते माईकपाशी गेले. भाषणाचे कागद वाकू नयेत म्हणून खाली एक पातळ पुस्तक धरलं होतं. पुठ्ठा टणक, म्हणून महिनाभर तेच मांडीवर घेऊन त्यांनी लिहिलं होतं. कागद सरकवले, तर मुखपृष्ठावर बॉलपेनचे वळ उठलेले. 'सुवर्णकाळ' आणि 'माती' एकमेकांवर चढलेले. खाली छापलेलं नाव हर्षाचं, त्यांच्या सुनेचं. तिचा पहिलाच कवितासंग्रह. गणपतीच्या चवथीला तिने हातात दिला होता, "बाबा, सवडीने वाचा" म्हणून. आता ती तिसऱ्या रांगेत बसली होती, टाळ्या वाजवायला हात तयार ठेवून.

गोकुळदासांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी भाषण घडी करून खिशात घातलं आणि पुस्तक सभेला दाखवलं.

"आजच्या साहित्यावरची सगळी भाषणं मी ह्या पुस्तकावर कागद ठेवून लिहिली. आत काय आहे, मला ठाऊक नाही."